बोटाने आधी, पान्याने नंतर

स्मरणिका समितीचे पत्र घरी आले त्या रविवारी आम्ही अंगणात गाडीखाली पाठ टेकून पडलो होतो. मुलीने पत्र वाचून दाखविले : शाळेविषयीची एखादी आठवण, शक्यतो इतरांच्या उपयोगी पडेल अशी, दोन महिन्यांच्या आत लिहून पाठवावी. आमच्या हातात 17 नंबरचा पाना होता आणि ऑइल चेंबरचा बोल्ट नुकताच बोटांनी बसवून झाला होता. तेव्हाच मनात आले, लिहावयाचे तर हेच लिहावे. शाळेने आम्हांस भाषा दिली, गणित दिले, पंगतीत शेवटच्या मुलाला वाढून होईपर्यंत घास न उचलण्याची सवय दिली. त्या सर्वांविषयी आमच्याहून समर्थ लेखण्या या अंकात लिहितीलच. आम्ही बोल्ट आवळण्याविषयी लिहितो.

1991 साली आम्ही सातवीत होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा होण्यास 1 जुलै 1998 उजाडावयाचा होता. वसतिगृहात तोवर सगळी मुले सतरंजीवर झोपत आणि पावसाळ्यात अंथरूण झटकल्याशिवाय कोणी आडवे होत नसे, कारण विंचवांचे भय. त्या वर्षी देणगीतून लोखंडी खाटा आल्या. त्या सुट्या भागांत होत्या. काथ्याने बांधलेले पाय, पट्ट्या, जाळ्या आणि एका गोणपाटात नट-बोल्ट. अधीक्षक गुरुजींनी मुलांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला 13 नंबरचे दोन पाने दिले.

मुलेच ती. कामाची लगेच कुस्ती झाली. ज्या जोडीने आवळलेला बोल्ट दुसऱ्या जोडीला सोडविता येणार नाही ती जिंकली, असा नियम ठरला. आम्ही पाना दोन्ही हातांनी धरला, भिंतीला पाय लावला आणि सारे अंग मागे झोकून दिले. खाटेच्या पायाचा पोकळ पाइप चेपला आणि बोल्टचे डोके तुटून टणकन फरशीवर पडले. टाळ्या पडल्या. आम्हांस फार अभिमान वाटला.

गुरुजी आले. ते रागावले नाहीत. तुटलेले डोके उचलून त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवले आणि आमच्याकडून ती खाट पुन्हा पूर्ण सुटी करून घेतली. मग स्वतः उकिडवे बसून त्यांनी दाखविले. “सगळे बोल्ट आधी बोटाने फिरवायचे. बोटाने फिरत नाही त्याला पाना लावायचा नाही. का फिरत नाही ते पाहायचं. चारी कोपरे बोटाने बसले की मग पाना. एक कोपरा झाला की त्याच्या समोरचा. बोटाने आधी, पान्याने नंतर.” संध्याकाळच्या वंदनेपर्यंत सगळ्या खाटा उभ्या राहिल्या. आमची खाट मात्र चेपलेल्या पायामुळे दहावीपर्यंत डुगडुगत राहिली आणि गुरुजींनी ती आम्हांलाच दिली होती.

खरे तर ही शिकवण आमच्या घरात नवी असावयास नको होती. आमचे वडील, आबा, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर खांडबारा परिसरात कीमन होते. कीमन म्हणजे रोज आपल्या वाट्याचा रेल्वेमार्ग पायी तपासणारा माणूस. जाताना एका रुळावरून नजर, येताना दुसऱ्या. खांद्यावर हातोडा आणि लांब पाना, हातात लाल-हिरवी निशाणे. सैल झालेली चावी ठोकावयाची, फिशप्लेटचा ढिला बोल्ट आवळावयाचा. सुट्टीत त्यांच्यासोबत चालताना आम्ही एकदा म्हटले होते, “आबा, अजून जोर लावा ना, म्हणजे परत सुटणारच नाही.” आबा हसले. त्यांनी दोन रुळांमधली बोटभरही नसलेली फट दाखविली आणि म्हणाले, “दुपारी ये, ही फट राहणार नाही.”

दुपारी फट खरोखरच जवळजवळ मिटलेली होती. लोखंड उन्हात वाढते हे आम्ही पुस्तकात वाचले होते; पण 13 मीटर लांबीचा रूळ 30 अंशांनी तापला तर सुमारे साडेचार मिलिमीटर लांबतो, हा हिशेब पुष्कळ वर्षांनी केला. खानदेशच्या उन्हाळ्यात पहाट ते दुपार एवढ्या वेळात रूळ तितका सहज तापतो. फिशप्लेट वाजवीपेक्षा घट्ट आवळली तर रुळाला सरकता येत नाही आणि अडलेला रूळ बाजूला वाकू पाहतो. सैल राहिली तर प्रत्येक चाकाचा दणका सांध्यावर बसतो. म्हणून कीमनच्या पान्याची लांबी ठरवून दिलेली असते. माणसाने आपल्या अंगच्या जोराने सहज ओढले की हवा तेवढाच आवळ बसावा, यासाठी ती लांबी. आबा हे सांगत होते आणि आम्ही कैऱ्या शोधत होतो.

पुढे आम्ही शिक्षक झालो. तळोद्यात घर केले, नोकरी अक्राणी तालुक्यात, वर सातपुड्यात. 2014 साली एक जुनी लहान गाडी घेतली. जुनी गाडी घेणाऱ्यास आपोआप थोडा मिस्त्री व्हावे लागते. ऑइल बदलणे, बॅटरीची टोके साफ करणे, स्टेपनी चढविणे ही कामे घरी करता येतात आणि करावीतही, असे आमचे मत बनले. पहिल्यांदा ऑइल बदलले तेव्हा चेंबरचा बोल्ट परत बसविताना मनात एकच भीती : हा सुटला तर इंजिन जाईल. म्हणून पान्याच्या दांड्यात हातभर लांबीचा पाइप घातला आणि ओढले. बोल्ट शेवटी थोडा ‘मऊ’ लागला, तो छान बसला असे आम्ही समजलो.

सहा महिन्यांनी बोल्ट काढला, तेव्हा चेंबरचे आटे बोल्टला गुंडाळून स्प्रिंगसारखे बाहेर आले. चेंबर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, बोल्ट पोलादाचा; दोघांच्या झटापटीत मऊ धातू हरला होता. ‘मऊ’ लागले होते ते आटे तुटतानाचे लागणे होते. बोल्ट परत लावला तर तो नुसता फिरे आणि ऑइल ठिबके. मिस्त्री दोन दिवसांनी येणार होता. गाडी अंगणात तशीच उभी राहिली.

त्याच रात्री आबांना धाप लागली. बसवत नव्हते, आडवे होववत नव्हते. दाराशी गाडी होती आणि ती हलविता येत नव्हती. आम्ही अंधारात शेजाऱ्यांची दारे वाजवीत फिरलो. चौथ्या घरी जीप मिळाली. तापी ओलांडून नंदुरबारला पोहोचेपर्यंतचा तो काळ आम्ही कधी कोणाला नीट सांगितलेला नाही. आबा वाचले. तिसऱ्या दिवशी, नाकातली नळी काढल्यावर, त्यांनी गाडीचे काय झाले होते ते विचारले. आम्ही सांगितले. ते ऐकत राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “पाना केवढा होता, भाऊ?”

पाना वीतभराचा होता. पाइपमुळे तो तिप्पट झाला होता. ते आम्ही त्यांना सांगितले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

या घटनेचा परिणाम आमच्यावर चुकीचाच झाला. जोराची भीती बसली. प्रत्येक बोल्ट आम्ही हलक्या हाताने लावू लागलो आणि त्याला शहाणपण समजू लागलो. 15 ऑगस्ट 2016 रोजी वरच्या शाळेतले झेंडावंदन आटोपून पत्नी व मुलीसह आम्ही चांदसैली घाटाने तळोद्याकडे उतरत होतो. पाऊस होता, रस्त्यावर जागोजागी माती वाहून आलेली होती. घाटाच्या सुरुवातीलाच मागचे डावे चाक पंक्चर झाले. चिखलात जॅक लावला, स्टेपनी चढविली, चारही नट चाक अधांतरी असतानाच लावले. चाक हातासोबत फिरत होते, त्यामुळे जोर लागतच नव्हता. आणि आटे जातील या भीतीने आम्ही तो लावूही पाहिला नाही. जॅक काढल्यावर पुन्हा पाना लावावयाचा असतो, ते पावसाच्या घाईत राहून गेले.

आठ-दहा किलोमीटर गेल्यावर मागच्या बाकावरून मुलगी म्हणाली, “बाबा, मागून कोणीतरी दार वाजवतंय.” ती नऊ वर्षांची होती. आम्हांस काहीच ऐकू येत नव्हते. तिने दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा पत्नीने गाडी थांबवावयास लावली. उतरून पाहतो तो एक नट नाहीसा झालेला आणि उरलेले तीन बोटाने फिरत होते. डाव्या हाताला कठडा नसलेले वळण होते. चाकाच्या भोकांच्या कडा घासून चकचकीत झाल्या होत्या. आम्ही तिघेही बराच वेळ पावसात उभे राहिलो.

एकदा अतिजोराने आणि एकदा अतिसंकोचाने, अशा दोन चुका झाल्यावर आम्ही या विषयाचा अभ्यास करावयाचे ठरविले. त्यातून जे कळले ते येथे नोंदवितो, कारण आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या दारात आज मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर उभे आहेत.

पहिली गोष्ट, बोल्ट ही एक फार ताठ स्प्रिंग आहे. ताणाच्या प्रमाणात वस्तू लांबते हे रॉबर्ट हूकने 1678 साली मांडले. बोल्टही आवळताना केसभर लांबतो आणि परत आखूड होण्याच्या त्याच्या धडपडीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. गाडीचे चाक नटांवर टांगलेले नसते. चाक आणि हब यांच्यातल्या या दाबामुळे ते जागेवर राहते. आवळ कमी पडला तर दोन भाग एकमेकांवर सरकू लागतात. असे आडवे हादरे बसू लागले की नट आपोआप उलटा फिरत जातो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली प्रयोगांनी दाखविले. घाटात आमच्या चाकाचे नेमके हेच झाले. चाक व हब यांच्यामध्ये चिखल राहिला होता. तो दबून निघून गेला आणि होता तोही दाब संपला. याउलट आवळ फार झाला तर बोल्ट स्प्रिंगसारखा परत येण्याची शक्ती गमावतो, लांबलेला तो लांबलेलाच राहतो, नाही तर तुटतो, नाही तर ज्यात तो बसला आहे ते आटे तुटतात.

दुसरी गोष्ट, हाताला लागणारा जोर फसवा असतो. आपण पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे 40 टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि जेमतेम 10 टक्के बोल्ट ताणण्याच्या उपयोगी पडतो. म्हणून गंजलेला बोल्ट घट्ट ‘लागतो’, पण तो आवळलेला नसतो. आणि तेल लावलेला बोल्ट तेवढ्याच जोरात वाजवीपेक्षा जास्त ताणला जातो. चाकाच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये असे गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते, ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट हिशेबाची. आवळ न्यूटन-मीटर या मापात मोजतात. सोपा अर्थ असा : पान्याच्या टोकावर लावलेला जोर गुणिले पान्याची लांबी. 20 सेंटिमीटरच्या पान्यावर 20 किलो वजनाइतका जोर लावला तर सुमारे 39 न्यूटन-मीटर होतात. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत चेंबरच्या बोल्टसाठी 35 लिहिले आहेत. म्हणजे साधा पाना आणि साधा हात पुरेसा होता. तोच हात 60 सेंटिमीटरच्या पाइपवर 118 करतो. चाकाच्या नटांसाठी आमची पुस्तिका 85 सांगते. 30 सेंटिमीटरच्या चाक-पान्यावर त्यासाठी सुमारे 29 किलो जोर लागतो, म्हणजे ऐन दोन्ही हातांचा. पण 65 किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की 190 होतात. रस्त्यावर आपण पुष्कळांना पान्यावर उभे राहून उड्या मारताना पाहतो. त्यांच्या गाडीचा पुढचा पंक्चर काढणाऱ्याची आम्हांस कीव येते. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, तेव्हा आमचे आकडे न घेता आपापल्या गाडीची पुस्तिका उघडून पाहावी.

पान्यांच्या लांबीतही शहाणपण दडलेले आहे. 10 नंबरचा पाना आखूड असतो आणि 19 नंबरचा लांब, कारण लहान बोल्टला कमी आवळ पुरतो आणि कारागिराने विसरून जास्त लावू नये. आवळताना दांड्यात पाइप घालणारा माणूस पाना बनविणाऱ्याचे सांगणे कानाआड करतो. सोडविताना गंजलेल्या बोल्टला कधी पाइप लागतो, ती गोष्ट निराळी.

आता कामाची रीत. चाक बदलावयाचे तर गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, समोरच्या कोपऱ्यातील चाकाला दगड लावून उभी करावी. नट थोडे सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतानाच. मग जॅक. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अंग घालू नये. खाली शिरावयाचे असेल तर भक्कम घोड्या लावाव्यात. हब आणि चाक यांच्या भिडणाऱ्या बाजू फडक्याने, गंज असेल तर तारेच्या ब्रशने साफ कराव्यात. नटाची निमुळती बाजू चाकाकडे असावी. सर्व नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवावेत. जो नट बोटाने दोन-तीन फेरे जात नाही, तो तिरका बसला आहे. त्याला पाना लावला की आटे कापले जातात. नंतर पान्याने हलके, समोरासमोर : चार नट असतील तर फुलीच्या क्रमाने, पाच असतील तर चांदणी काढल्याप्रमाणे एक सोडून एक. गाडी खाली उतरवून त्याच क्रमाने पूर्ण आवळ द्यावा. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावे. ही शेवटची पायरी आपल्याकडे कोणीच करीत नाही.

शक्य असेल त्याने टॉर्क पाना घ्यावा. हवा तो आकडा दांड्यावर लावला की तेवढा आवळ होताच तो ‘कट्’ असा आवाज देतो. आवाज आला की थांबावयाचे. खात्रीसाठी आणखी एकदा ओढणे म्हणजे मोजून झाल्यावर वरून मूठभर टाकणे. या पान्याने बोल्ट सोडवू नये आणि काम झाल्यावर त्याचा आकडा अगदी खालच्या खुणेवर आणून ठेवावा. बॅटरीच्या टोकांसारख्या नाजूक ठिकाणी तर मनगटाऐवजी बोटांचाच जोर पुरतो. शिसे मऊ असते. आणि तुटलेल्या वा हरवलेल्या बोल्टच्या जागी ‘बसतो आहे ना’ एवढ्यावर दुसरा लावू नये. जाडी, लांबी, आट्यांचे अंतर आणि डोक्यावर कोरलेला 8.8 किंवा 10.9 असा बळाचा आकडा, चारही जुळले पाहिजेत.

हे शेवटचे कलम क्षुल्लक वाटेल. 10 जून 1990 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघालेल्या विमानाची पुढची काच 17,000 फूट उंचीवर निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला पायांशी धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरविले आणि कप्तान वाचला. चौकशीत निघाले की आदल्याच दिवशी बसविलेल्या त्या काचेच्या 90 बोल्टपैकी 84 किंचित बारीक होते. ते जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतलेले होते. पुढे 10 मे 2002 रोजी लंडनजवळच्या पॉटर्स बार येथे रुळांच्या सांधेबदलाचे नट ढिले व निखळलेले असल्याने आगगाडी घसरली आणि 7 माणसे मृत्युमुखी पडली. ही बातमी आम्ही आबांना वाचून दाखविली होती. त्यांनी एकच विचारले, “त्या तुकड्याला कीमन नव्हता का?”

घाटातल्या प्रसंगानंतर आम्ही सुरतेहून टॉर्क पाना आणला. आबा तेव्हा ओट्यावर खुर्ची टाकून बसत. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि स्वतः एक नट ओढून पाहिला. ‘कट्’ वाजले. “आम्हाला हे मनगटात ऐकावं लागायचं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता, थोडा अभिमान. पुढे जाईतोवर त्यांचा एक परिपाठ झाला. आम्ही घाटाने जावयास निघालो की ते काठी टेकीत गाडीभोवती एक फेरी मारीत. प्रत्येक चाकाशी थांबून नटांवर बोट ठेवीत. 2019 साली ते गेले. रेल्वेचा पाना त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच मोजून परत केला होता, त्यामुळे त्यांची वस्तू म्हणून आमच्याकडे काही उरले नाही. गाडीभोवतीची ती फेरी मात्र आता आम्ही मारतो.

वसतिगृहात संध्याकाळच्या वंदनेनंतर गुरुजी कधी कधी गोष्ट सांगत. सोण कोळिविसाची गोष्ट आपणां सर्वांच्या कानांवरून गेली आहे. श्रीमंत घरातला, सुकुमार पायांचा हा तरुण भिक्षू राजगृहाजवळच्या शीतवनात इतका चालला की वाट रक्ताने भिजली, आणि तरी काही साधले नाही म्हणून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. भगवान बुद्धांनी त्याला त्याच्या पूर्वायुष्यातली वीणा आठवावयास लावली : तारा फार ताणल्या तर वाजत नाहीत, फार सैल सोडल्या तरी वाजत नाहीत. बालपणी आम्ही या गोष्टीचा अर्थ असा केला की फार कष्ट करू नयेत, मधलेमधले करावे. परीक्षेच्या काळात तो अर्थ सोयीचाही होता.

गाडीखाली पडून राहण्याची सवय लागल्यावर ती गोष्ट निराळी दिसू लागली. वीणा जुळविणारा सर्व तारा सारख्या मध्यम ताणत नाही. प्रत्येक तारेचा आपला स्वर असतो आणि ती त्या स्वरावर येईपर्यंत तो कान देऊन खुंटी पिळतो. तेथे पोहोचला की थांबतो. चाकाच्या नटाला 85 लागतात तेथे 35 देणे हा मध्यम मार्ग नव्हे, आणि चेंबरच्या बोल्टला 118 देणे ही निष्ठा नव्हे. मध्यम म्हणजे त्या वस्तूला जेवढे हवे तेवढे, मोजून. आमच्या दोन्ही चुकांत आम्ही बोल्टकडे पाहिलेच नव्हते. पहिल्यांदा आपल्या जोराकडे पाहिले, दुसऱ्यांदा आपल्या भीतीकडे. शिक्षक म्हणून इतकी वर्षे वर्गात उभे राहिल्यावर हेही कबूल केले पाहिजे की कित्येक मुलांच्या बाबतीतही आमचे असेच झाले. काहींना पाइप लावून ओढले. काहींना तुटतील म्हणून तसेच सैल सोडले. त्यांतले काही आज भेटतात तेव्हा आम्हांस त्यांच्या चाकांवर बोट ठेवून पाहावेसे वाटते.

मुलगी आता मोठी झाली आहे. पत्र वाचून झाल्यावर ती गाडीशेजारी उकिडवी बसली आणि तिने टॉर्क पाना मागितला. आम्ही विचारले, “बोटाने झाला का?” ती म्हणाली, “तुम्ही बसवलाय ना?” आम्ही बोल्ट पूर्ण काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो आपल्या बोटांनी पहिल्या आट्यापासून बसविला, मग पाना लावला. ‘कट्’ वाजल्यावर तिने हात काढून घेतला.

माजी विद्यार्थी मेळाव्याला आम्ही येणार आहोत. समितीस एक विनंती. जुन्या लोखंडी खाटांपैकी ज्या अजून वापरात असतील त्यांचे बोल्ट एवढ्या वर्षांत कोणी तपासले आहेत की नाही, कळावे. नसतील तर सकाळच्या सत्राआधी तासभर वेळ द्यावा. आम्ही 13 नंबरचे दोन पाने आणि पुरेसे नवे नट-बोल्ट घेऊन येऊ. जोडीला वसतिगृहातली दोन मुले मिळाली तर बरे. चेपलेल्या पायाची खाट सापडली तर तिच्यापासून सुरुवात करू.